एकशे वीस मिनिटांत कारौल-तेपा

मंगळवारी सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटांनी मत्याकूबने खिवा शहराच्या पश्चिम दरवाजातून उजवा पाय पुढे टाकला आणि उर्गेंचहून आलेल्या मुहय्योने हातातल्या घड्याळाची कळ दाबली. चिल्ल्याचा अठरावा दिवस होता. उन्हाळ्यातल्या या चाळीस दिवसांत शहाणा माणूस दहानंतर घराबाहेर पडत नाही, आणि पडलाच तर परत आल्यावर बायको दार उघडायला मुद्दाम उशीर करते. सावलीत तेहतीस अंश भरत होते.

जायचं होतं कारौल-तेपाला. जुन्या शहराच्या तटाबाहेर कुंभारांचा कुलोलान मोहल्ला, तो संपला की कालवा, कालव्यापलीकडे खरबुजांचे मळे, मळे संपले की वाळू, आणि वाळूत उभी असलेली ही पडक्या चौकीची भिंत. अंतर सहा किलोमीटर चारशे दहा मीटर. हा आकडा मत्याकूबने काढलेला होता, म्हणून त्यावर वाद नव्हता. त्याने चौतीस वर्षं सामुदायिक शेतीच्या जमिनी मोजल्या होत्या आणि एकदाही आकडा गोल केला नव्हता. लग्नाला किती वर्षं झाली असं कोणी विचारलं तरी तो महिन्यांसकट सांगे.

मुहय्यो ज्या कार्यालयातून आली होती, त्या कार्यालयाने पायी फिरणाऱ्या पाहुण्यांसाठी वाटा ठरवायला घेतल्या होत्या. वाट मंजूर झाली की दरवाजाशी पाटी लागणार, पाटीवर वेळ लिहिला जाणार, आणि वाटेतला प्रत्येक पूल हिवाळ्याच्या आत नवा होणार. अट एकच होती. साठी ओलांडलेल्या एका स्थानिक माणसाने ऐन चिल्ल्यात ती वाट एकशे वीस मिनिटांच्या आत चालून दाखवायची, आणि वाटेत थांबलेला वेळही त्यातच धरायचा. ‘पाटीवरचा वेळ खरा असावा,’ असं नियमांत लिहिलं होतं. ते वाक्य वाचून मत्याकूबला गहिवरून आलं होतं.

त्याला हवा होता पूल. कालव्यावरच्या लाकडी पुलाच्या अकरा फळ्यांपैकी सात दीड वर्षापूर्वी एका ट्रॅक्टरखाली मोडल्या होत्या. पलीकडच्या काठावर त्याच्या बायकोची, म्हणजे सापारगुलची, धाकटी बहीण ओगुलजान राहत होती. दोघींच्या दारांमधलं अंतर एकशे बारा मीटर. मोठ्या पुलावरून वळसा घातला तर नऊ किलोमीटर, आणि दोघींच्या मिळून चार गुडघ्यांपैकी धड एकच. तेव्हा दोघी रोज संध्याकाळी आपापल्या काठावर उभ्या राहून ओरडून बोलत. मत्याकूबचं पोट साफ होतं की नाही, तो झोपेत कोणत्या शेताचे आकडे बडबडतो, नवा कोट घालून आरशासमोर किती वेळ उभा राहतो, हे सगळं आता मोहल्ल्याला तोंडपाठ होतं. तो न्हाव्याच्या दुकानात शिरला की लोक सलामाच्या आधी पोटाची चौकशी करत.

पण चार महिन्यांपूर्वी सापारगुल एकदा भांडी विसळताना म्हणाली होती, “ओरडून सगळं सांगता येतं हो तिला. ओरडून रडता तेवढं येत नाही.” त्यानंतर मत्याकूबने त्या कार्यालयाला सहा पत्रं लिहिली.

तयारीत त्याने कसर ठेवली नव्हती. पाच दिवसांपूर्वी, मोहल्ल्याला जाग येण्याआधी, तो ही वाट एकटा चालून आला होता. एक्क्याऐंशी मिनिटं लागली. तेव्हा पुलाचा मोडका भाग त्याने उघड्या तुळईवरून ओलांडला होता; पाहुणीसाठी तिथे मंगळवारी पहाटे स्वतःच्या गोठ्याचं दार काढून आडवं टाकलं. एक गोष्ट राहिली. वाट कुलोलानच्या गल्लीतून जात होती आणि गल्लीत चौदा घरं होती. दिवसाउजेडी त्या गल्लीतून पाहुण्याला घेऊन कोणी न थांबता गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. म्हणून सोमवारी दुपारी चारला तो घरोघरी गेला आणि छातीवर हात ठेवून सांगून आला, “उद्या उर्गेंचची पाहुणी घेऊन इथून जाणार आहे. मेहेरबानी करा, आम्हाला बोलावू नका. चहा नको, नान नको, काही नको.”

हे सांगताना त्याला प्रत्येक घरी चहा घ्यावा लागला, आणि तो परत आला तेव्हा दिवस बुडाला होता.

“काम झालं,” तो सापारगुलला म्हणाला.

“तुम्ही दारोदार जाऊन सांगितलंत?”

“प्रत्येक दारी.”

“किती वाजता येणार तेही?”

“अर्थात. नऊ वाजून चौदा मिनिटं.”

“अल्ला,” असं म्हणून सापारगुल कणीक भिजवायला उठली.

का, ते त्याने विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आतल्या शहरात काही अडलं नाही. मुहय्यो सव्वीस वर्षांची होती, ही तिची पहिलीच वाट होती, आणि तिने पांढरे बूट, काळी छत्री, कागद अडकवायची फळी आणि एक जादा घड्याळ अशी सगळी सिद्धता आणली होती. “आगा, आधीच सांगते,” ती दरवाजात म्हणाली होती, “कामावर असताना मी काही खात-पीत नाही. तुम्हीही आग्रह करू नका.”

“पोरी,” मत्याकूब म्हणाला, “तुझ्यासारखी माणसं या प्रांतात आणखी दहा असती तर कालवे सरळ झाले असते.”

टोप्या विकणारे अजून टोप्या झटकत होते. निळ्या मिनाराच्या सावलीत सहा परदेशी पाहुणे एकामागे एक उभे होते आणि सावली सरकली की तेही सरकत. उत्तर दरवाजातून दोघं नऊ वाजून सहा मिनिटांनी बाहेर पडले, अंदाजापेक्षा एक मिनिट आधी. पुढे फरसबंदी संपून धूळ लागली. मातीच्या भिंती, भिंतींवर शेणाच्या गोवऱ्या, भट्ट्यांचा धूर. मत्याकूबने घड्याळ पाहिलं. एक मिनिट हातात होतं आणि त्याला ते खिशात घातल्यासारखं सुख वाटत होतं.

ते मिनिट धुळीत खर्ची पडलं आणि ठरल्याप्रमाणे नऊ चौदाला ते गल्लीत वळले.

पहिलं घर कुंभारीण रोझिजानचं. तुतीच्या झाडाखाली लाकडी चौथरा धुऊन पुसून ठेवला होता. वर दस्तरखान अंथरला होता. त्यावर नान, साय, जर्दाळू, खडीसाखर आणि दोन हातांच्या कवेत जेमतेम मावेल असं कापलेलं खरबूज.

“या, या! नऊ चौदा म्हणालात, नऊ चौदालाच आलात! याला म्हणतात शब्दाचा माणूस!”

“रोझिजान, काल मी काय सांगून गेलो?”

“बोलावू नका म्हणालात.”

“मग?”

“मग बोलावलं का मी? येणार म्हणून मांडून ठेवलं फक्त.” ती मुहय्योकडे वळली. “बस गं, लेकी. यांचं काय ऐकतेस? बोलावू नका एवढं सांगायला माणूस भर उन्हात स्वतः दारी येतो, तेव्हा त्याला यायची किती हौस असेल, एवढंही कळू नये का आम्हाला?”

मत्याकूबच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात त्याला पुढची तेरा घरं दिसली. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

“मी कामावर असताना...” मुहय्योने सुरुवात केली.

रोझिजानने नान मोडली आणि अर्धी तिच्यापुढे धरली. मुहय्योने नानकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा नानकडे पाहिलं. तिला आजीने वाढवलं होतं, आणि पुढे केलेली नान नाकारणाऱ्याच्या घरचा तंदूर थंड पडतो हे आजीचं पहिलं शिक्षण होतं. तिने नान घेतली.

“घड्याळ चालूच आहे,” ती घास चावत म्हणाली.

“चालू दे, त्याला कोण अडवतंय? साय घे.”

अकरा मिनिटं गेली. दुसऱ्या घरी अंडं भरलेले गरम बरक होते, पातळ कानवल्यांसारखे, तिळाच्या तेलात न्हालेले. तिथे दहा मिनिटं. “रोझिजानकडे काय होतं?” त्या घरच्या बाईने विचारलं आणि उत्तर ऐकून आतून आणखी एक थाळी आणली. मुहय्योच्या कागदावर तेलाचा पहिला डाग पडला. तिने त्याभोवती पेनाने गोल काढला आणि बाजूला वेळ लिहिली.

तिसरं घर न्हावी बेकदुर्दीचं. हा मत्याकूबचा बालमित्र.

“पोट कसं आहे?” बेकदुर्दीने विचारलं.

“बेकदुर्दी, आत्ता नको.”

“अरे, काल ओगुलजान पलीकडून विचारत होती, म्हणून म्हटलं. बस. तुझ्यासाठी सुक्या आलुबुखाराचं पाणी वेगळं काढून ठेवलंय.”

मत्याकूब बसला, प्याला, आणि मनातल्या मनात हिशेब मांडला. नऊ अठ्ठेचाळीस. अठ्ठावन्न मिनिटं संपली, बासष्ट उरली. पुढचं अंतर चालायला छप्पन्न लागणार. शिल्लक सहा मिनिटं आणि घरं अकरा. घरामागे बत्तीस पूर्णांक सात दशांश सेकंद. एवढ्यात कुलोलानमध्ये घरच्या माणसांची चौकशीसुद्धा होत नाही, गुरांची तर राहोच.

तो ताडकन उभा राहिला. दस्तरखानावरून यजमानाच्या आधी उठणं हा त्याच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग होता, आणि बेकदुर्दीचा हात किटलीवरच थबकला.

“दहा पन्नासला कारौल-तेपाच्या भिंतीला हात लागला नाही,” मत्याकूब म्हणाला, “तर पूल होणार नाही.”

“कुठला पूल?”

“आपला पूल! कालव्यावरचा! ही पोरगी त्याचीच वेळ मोजतेय!”

“मग काल हे सांगायचं नाहीस, गाढवा?”

“काल सांगितलं की, बोलावू नका!”

“ते तर सगळेच सांगतात! माझ्या मुलीच्या लग्नाला तू तीनदा नाही म्हणालास आणि दोन दिवस मुक्काम ठोकलास. पूल म्हणाला असतास तर...”

“तर काय?”

बेकदुर्दीने प्रामाणिकपणे विचार केला. “तर जर्दाळू कमी ठेवले असते.”

एव्हाना पुढच्या घरांतली माणसं दारांत आली होती. पुलाची बातमी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेली, पण आमचं घर सोडून जा असं म्हणायला कोणी तयार होईना. “रोझिजानकडे बसलात, आणि आमच्याकडे उभ्याने पुढे?” पाचव्या घरचा म्हातारा म्हणाला. “आमची नान काय चिकणमातीची आहे?” सातव्या घरच्या बाईने तर कालपासून कबुतरं मसाल्यात मुरवत ठेवली होती. चूक मत्याकूबची आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. शिक्षा मात्र पुलाला नको, एवढंच मागणं होतं.

तेवढ्यात गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून सापारगुल लंगडत आली. चौदावं घर तिचंच, आणि तिच्याही हातात गरम नानांची चळत होती.

“तुम्हीसुद्धा?” मत्याकूब म्हणाला.

“मग काय, तेरा घरांनी मांडायचं आणि चौदाव्याने तोंड लपवायचं?” तिने भोवती एक नजर टाकली. “पाहुण्यांना थांबता येत नसेल तर थांबू नका म्हणावं. पंगत चालायला लागू दे.”

कोणाला काही समजलं नाही. तिने बेकदुर्दीच्या दस्तरखानाचं एक टोक उचललं, दुसरं त्याच्या हातात दिलं, आणि उरलेली दोन शेजाऱ्यांनी न सांगता धरली. जर्दाळू मधोमध गोळा झाले. खरबूज डुगडुगलं आणि स्थिरावलं.

“पण चालता चालता नान खायची?” रोझिजान म्हणाली. “नानचा अपमान नाही का तो?”

हा प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर देऊ शकेल असा माणूस मोहल्ल्यात एकच होता, आणि तो आठव्या घराच्या ओट्यावर बसला होता. कुर्याज बोबोंचं वय एक्क्याण्णव. डोक्यावर मेंढीच्या लोकरीची टोपलीएवढी टोपी, जी ते चिल्ल्यातही उतरवत नसत. आतलं डोकं गरम ठेवलं की बाहेरची उष्णता लाजून परत जाते, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रश्न त्यांच्या कानात दोनदा ओरडून घालावा लागला.

“माझा बाप उंटांच्या काफिल्याबरोबर चालायचा,” बोबो म्हणाले. “मेर्व ते खिवा. थांबून खाल्लं असतं तर वाटेतच मेला असता, आणि मी जन्मलो नसतो. नान जमिनीवर पडली तर अपमान. हातात असली तर ती मुसाफिरीला निघालीय असं समजावं.” ते काठीवर भार देऊन उठले. “चला. तुम्हाला चालत कसं खायचं ते येत नाही. मी पुढे होतो.”

निकाल लागला आणि त्याच क्षणी नवं संकट उभं राहिलं. कुलोलानमध्ये वडीलधाऱ्याला ओलांडून पुढे जात नाहीत, आणि बोबोंहून वडील माणूस आता फक्त कबरस्तानात होता. बोबोंनी पहिली वीस पावलं टाकायला दीड मिनिट घेतलं. मागे चाळीस माणसं, तीन दस्तरखान, दोन किटल्या आणि मुहय्यो, सगळे पाऊल उचलून हवेत धरल्यासारखे उभे.

“आगा,” मुहय्यो हळूच म्हणाली, “नऊ त्रेपन्न.” तिच्या दोन्ही गालांत काहीतरी होतं.

“रोझिजान, माती वाहायची हातगाडी आण,” मत्याकूब म्हणाला.

बोबोंनी गाडी पाहिली. “मला काय माल समजलात?”

“नाही बोबो. काफिल्याचा सरदार चालतो का? तो बसतो.”

बोबोंनी यावर विचार केला. मग गाडीत चढले, काठी उभी धरली, टोपी सारखी केली आणि म्हणाले, “हाका.”

त्यानंतरची चोवीस मिनिटं कुलोलानने याआधी पाहिली नव्हती. पुढे हातगाडी, गाडीमागे मत्याकूब आणि मुहय्यो, दोघांच्या मधून चार कोपऱ्यांवर चार माणसं धरून चालवलेला दस्तरखान. प्रत्येक घराशी जुना दस्तरखान मागे जाई आणि नवा पुढे येई. चहा ओतणारा उलटा चालत होता. सातव्या घरची कबुतरं काटक्यांना टोचून हातोहात फिरली. “घे गं, माझी बघ, तिच्यापेक्षा मऊ आहे,” असं म्हणत बायका मुहय्योच्या बरोबरीने पळत होत्या. तिने छत्री कधीच कोणाच्या तरी हातात दिली होती आणि आता ती छत्री चहाचं पाणी उकळणाऱ्या एका सामोवारावर धरलेली दिसत होती. ज्यांच्या घरापुढून पंगत गेली, ती माणसं घरात परत गेली नाहीत. मागे वळून मोजण्याची सवय मत्याकूबला सुटत नव्हती. कालव्याशी पोचताना त्रेसष्ट डोकी होती. एकही नान जमिनीवर पडली नव्हती.

दहा सतराला पूल आला. चार फळ्या, पुढे गोठ्याचं दार, खाली हिरवट पाणी.

पलीकडे ओगुलजान उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. कालव्याच्या या भागात सगळं ऐकू येतं.

बोबोंना गाडीतून उतरवलं. ते दारावरून एक एक पाऊल टाकत गेले, मधोमध थांबले, दोन्ही तळहात वर करून पाण्यासाठी दुआ मागितली, आणि दुआ संपल्यावर पाण्याची पातळी त्यांच्या तरुणपणी कुठवर होती ते काठीने दाखवलं. मत्याकूब त्रेसष्ट माणसांसमोर हात बांधून उभा होता. फक्त त्याच्या मिशांची टोकं हलत होती. मग तो, मुहय्यो, दस्तरखान, एकामागे एक सगळे. सापारगुल सातवी गेली. पलीकडच्या काठावर पाय टेकताच ओगुलजानने तिचे दोन्ही हात धरले. दोघींपैकी कोणी एक अक्षर बोललं नाही. दीड वर्षात पहिल्यांदा त्या दोघींचं काय चाललंय ते मोहल्ल्याला कळलं नाही, आणि मत्याकूबनेही मान दुसरीकडे वळवली.

सर्वांत शेवटी सामोवार ठेवलेली हातगाडी. गाडी पलीकडे पोचली. मागे कडाड् असा आवाज झाला आणि गोठ्याचं दार दोन तुकडे होऊन कालव्यातून सावकाश आमूदर्या नदीच्या उलट दिशेने निघून गेलं.

“दहा चोवीस,” मुहय्यो म्हणाली.

“दाराचं नंतर बघू,” मत्याकूब म्हणाला. “बोबोंना बसवा.”

मळ्यांतून गाडी बरी चालली, आणि गेलेली मिनिटं भरून काढायला सगळे जवळजवळ पळत होते. खरबुजांचे वेल बांधापर्यंत आले होते आणि राखणदार आपल्या मांडवातून उठून, आणखी एक खरबूज काखेत मारून, काही न विचारता सामील झाला. मग वेल विरळ झाले, मातीचा रंग उतरला, काटेरी झुडपं लागली आणि वारा थांबला. वाळवंटात पाऊल टाकल्यावर सगळ्यांची बोलणी आपोआप संपली. ऊन वरून येत होतं तेवढंच खालूनही येत होतं. भिंत समोर दिसत होती, दात पडलेल्या जबड्यासारखी, आणि कितीही चाललं तरी तेवढीच दूर.

दहा चव्वेचाळीसला गाडीची चाकं वाळूत रुतली. बेकदुर्दीने ढकललं, राखणदाराने ढकललं, चौघांनी मिळून ढकललं. चाकं आणखी खाली गेली. भिंत दोनशे नव्वद पावलांवर होती.

“चालतो मी,” बोबो म्हणाले आणि उतरले. चार पावलं गेले आणि श्वास घ्यायला थांबले.

मत्याकूब त्यांच्या मागे उभा राहिला. सगळे त्याच्या मागे. वाळू तर चहूकडे मोकळी होती. डावीकडून दोन पावलं टाकली असती तर तो पुढे गेला असता, आणि भिंतीला सहज हात लावला असता. बोबोंना दिसतही कमीच होतं. त्रेसष्ट वर्षांत त्याने कोणाही म्हाताऱ्याला मागे टाकलं नव्हतं, मशिदीतून निघताना नाही, मयतीत नाही, रोटीच्या रांगेतसुद्धा नाही. त्याने मागे पाहिलं. सापारगुल आली नव्हती. ती कालव्याकाठी बहिणीचा हात धरून बसली असणार. एवढ्या वेळात तिने तो सोडलाही नसेल.

“बोबो,” तो म्हणाला, “परवानगी द्या. मी पुढे जातो.”

“काय?”

“पुढे जातो!”

“ऐकू येत नाही,” बोबो म्हणाले. ऐकू आलं होतं, हे सगळ्यांना कळलं.

“दहा साडेपंचेचाळीस,” मुहय्यो म्हणाली. नियमाप्रमाणे तिने एवढंच बोलायचं होतं. मग तिने नियमाबाहेर एक शब्द टाकला. “आगा, उचला.”

मत्याकूब गुडघ्यांवर बसला. बोबो काही कुरकुर न करता पाठीवर चढले, जणू सकाळपासून याचीच वाट पाहत होते. हाडं आणि टोपी, एवढंच वजन. मत्याकूब उठला आणि निघाला. पण आता वडीलधारी व्यक्ती त्याच्या पाठीवर होती, म्हणजे त्याच्या मागे होती, आणि ही गोष्ट निम्म्या वाटेत बोबोंच्याही ध्यानात आली.

“मी मागे आहे,” ते त्याच्या कानात म्हणाले.

“बोबो, काठी पुढे धरा!” मत्याकूब धापा टाकत ओरडला. “काठी तुमचीच आहे!”

बोबोंनी काठी भाल्यासारखी पुढे काढली. लोकरीची टोपी मत्याकूबच्या डोळ्यांवर आली होती. त्याला भिंत दिसत नव्हती, वाळूही दिसत नव्हती, फक्त मेंढीचा वास येत होता. तो पावलं मोजत होता. दोनशे एक, दोनशे दोन. मागून बेकदुर्दी ओरडत होता, “डावीकडे, अरे डावीकडे, तो खड्डा आहे!” दोनशे ऐंशी. दोनशे सत्त्याऐंशीला काठी भिंतीवर आपटली, आणि वरून दोन मुठी माती खाली पडली. दोनशे एकोणनव्वदला मत्याकूबचा तळहात लागला.

मुहय्योने कळ दाबली. एक तास एकोणसाठ मिनिटं चाळीस सेकंद.

कोणी ओरडलं नाही, कारण कोणात दम नव्हता. बेकदुर्दी वाळूत बसला आणि वाळू तापलेली आहे म्हणून लगेच उठला. बोबो पाठीवरून उतरले, भिंतीच्या हातभर सावलीत गेले आणि म्हणाले, “चहा कुठाय?”

मुहय्योने तिथेच, छत्रीखाली, तेलाचे अकरा डाग पडलेला अर्ज भरला. तिचं अक्षर सुंदर होतं. एकूण वेळ. चालणारे: त्रेसष्ट, मळ्याचा राखणदार धरून चौसष्ट. वाटेतले अडथळे: पूल, जाताना अर्धा, नंतर नाही. शेवटच्या रकान्यात काय लिहावं यावर ती बराच वेळ पेन चावत राहिली. मत्याकूबने खांद्यावरून डोकावून पाहिलं नाही. मोजणीदाराने दुसऱ्याच्या वहीत बघायचं नसतं. पण तिने स्वतःच वाचून दाखवलं: ‘शेवटचं अंतर चालकाने एक वयोवृद्ध गृहस्थ पाठीवर घेऊन पार केलं. वाटेत चालती पंगत होती. बरक उत्तम.’

“हे लिहायलाच हवं?” बेकदुर्दीने विचारलं.

“खरं आहे ना?” मत्याकूब म्हणाला. “मग लिहायलाच हवं.”

परतीचा मार्ग उरला नव्हता. सगळी पंगत दुपारभर ओगुलजानच्या अंगणात आणि दोन गोठ्यांत पडून राहिली, आणि ऊन उतरल्यावर मोठ्या पुलावरून ट्रॅक्टरच्या दोन खेपांत घरी पोचली. सापारगुल ट्रॅक्टरवर चढली नाही. पूल होईल तेव्हा पुलावरून येईन, असं तिने सांगितलं. बुधवार आणि गुरुवार मत्याकूबने चहा आणि शिळी नान यांवर काढले. गोठ्याला दार नसल्यामुळे गाय बुधवारी रोझिजानच्या तुतीखाली सापडली.

शुक्रवारी दुपारी उर्गेंचहून पत्र आलं. वाट मंजूर झाली असं त्यात नव्हतं. नाकारली असंही नव्हतं. पाठीवरच्या गृहस्थांबद्दल एक अक्षर नव्हतं. कार्यालयाची एकच विचारणा होती: अर्जात उल्लेखलेली चालती पंगत या वाटेवर नित्य उपलब्ध असते काय, असल्यास कोणत्या वेळी, म्हणजे तसं पाटीवर नमूद करता येईल. उत्तर सोमवारपर्यंत मोजणीदार मत्याकूबच्या सहीने यावं.

शनिवारी मोहल्ल्याची बैठक बेकदुर्दीच्या दुकानात झाली. ‘असते’ असं लिहायचं, यावर सर्वांचं एकमत होतं. बायकांनी वारही वाटून घेतले होते, आणि मंगळवार कोणाचा यावरून रोझिजान आणि सातव्या घरची बाई एकमेकींशी बोलत नव्हत्या. मत्याकूबने सगळ्यांचं ऐकून घेतलं. पंगत आजवर एकदाच झाली आहे, असं तो म्हणाला, आणि एकदा म्हणजे नित्य नव्हे. “तू लिही, आम्ही नित्य करतो,” बेकदुर्दी म्हणाला. आधी करा, मग लिहितो, असं मत्याकूबचं उत्तर होतं.

रविवारी सकाळी नऊ चौदाला गल्लीत तीन दस्तरखान तयार होते. पाहुणा कोणी नव्हता. दुपारी बारापर्यंत उत्तराचा कागद मत्याकूबच्या खिशात होता आणि त्यावर फक्त तारीख लिहिलेली होती, कारण दोनदा म्हणजे नित्य का, हे अजून त्याचं ठरलं नव्हतं.